रोजची डोकेदुखी आणि शिथिलीकरण : पुरावा कुठवर आला आहे

प्रश्न नेमका कोणता

दोन्ही कानशिलांपासून मागे मानेपर्यंत, डोक्याला करकचून पट्टा बांधल्यासारखं दुखतं. ठणका नसतो, उलटी होत नाही, जिना चढल्याने दुखणं वाढत नाही. कामावर जाता येतं, स्वयंपाक करता येतो, म्हणून घरात कुणी त्याला आजारपण म्हणत नाही. पण महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस असं दुखत असेल आणि तीन महिन्यांहून अधिक काळ हेच चाललेलं असेल, तर डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला दीर्घकालीन ताणप्रकारची डोकेदुखी म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी ती क्रॉनिक टेन्शन टाइप हेडेक.

बंगळुरूच्या निम्हान्समधल्या संशोधकांनी त्या शहरात आणि आसपासच्या खेड्यांत २,३२९ प्रौढांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात ताणप्रकारची डोकेदुखी झालेले ३५ टक्के निघाले. महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस डोकं दुखणारे, सगळे प्रकार मिळून, ३ टक्के. हा आकडा छोटा वाटतो, पण शंभर माणसांच्या कचेरीत तिघं जण महिन्यातला निम्मा काळ दुखऱ्या डोक्याने बसलेले असतात, असा त्याचा अर्थ आहे.

आपल्याकडे या माणसांचा प्रवास ठरलेला असतो. आधी पित्त, मग सायनस, मग चष्म्याचा नंबर, मग मानेचा एक्स-रे आणि स्पॉन्डिलायटिस. प्रत्येक टप्प्यावर काही महिने जातात आणि खिशात गोळ्यांची पट्टी कायम असते. ‘जरा टेन्शन कमी करा’ हा सल्लाही कधीतरी मिळतो. ते कसं करायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही.

या लेखाचा विषय तेवढाच आहे : ताण कमी करण्याच्या शिकवता येण्याजोग्या पद्धती आणि दिनचर्येतले बदल यांनी ही डोकेदुखी कमी होते का, याबद्दल शंभर वर्षांत काय कळलं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. हे उपाय उपयोगी पडतात असं म्हणायला आधार आहे. ते का उपयोगी पडतात याचं जे कारण सुरुवातीला दिलं गेलं, ते मात्र टिकलेलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की वादातला बराच गोंधळ निवळतो.

त्याआधी एक गोष्ट. क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झालेली, ताप आणि ताठर मानेसोबतची, हातापायातली शक्ती कमी करणारी, नजर किंवा बोलणं बिघडवणारी, पहाटे उलटीसह जागं करणारी डोकेदुखी या चर्चेत बसत नाही. तिथे आधी डॉक्टर, तेही लगेच.

सुरुवात स्नायूंपासून

शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचं निरीक्षण साधं होतं : काळजीत असलेला माणूस स्नायू आवळून धरतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. ‘सैल सोड’ म्हटल्याने तो सैल सोडू शकत नाही, कारण आवळलेपण म्हणजे काय हेच त्याला जाणवत नसतं. म्हणून आधी स्नायू मुद्दाम आवळायचा, ती जाणीव ओळखायची आणि मग सोडायचा. जेकबसन यांची मूळ पद्धत शिकायला कित्येक महिने लागत. १९७३ साली अमेरिकेतल्या डग्लस बर्नस्टाइन आणि थॉमस बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञांनी तिची आटोपशीर आवृत्ती केली आणि आज जगभर बहुतेक ठिकाणी तीच शिकवली जाते. शरीराचे सोळा स्नायूगट पाडायचे. मूठ, दंड, कपाळ, डोळे, जबडा, मान, छाती, पोट, मांड्या, पोटऱ्या अशा क्रमाने एकेक गट पाच ते सात सेकंद आवळायचा, मग सोडून अर्धा मिनिट नुसतं लक्ष द्यायचं. सराव झाला की सोळाचे सात गट, सातांचे चार, आणि शेवटी आवळण्याची गरजच उरत नाही, आठवणीने सैल होता येतं.

जर्मनीत योहानेस शुल्ट्झ यांनी १९३२ मध्ये वेगळी वाट मांडली. हात जड झालाय, उबदार झालाय अशा ठराविक सूचना स्वतःला देत शरीर शांत करायचं. तिला ऑटोजेनिक ट्रेनिंग म्हणतात.

डोकेदुखीशी याचं नातं जुळलं ते स्नायूंच्या सिद्धांतामुळे. न्यूयॉर्कचे हॅरॉल्ड वुल्फ यांचा डोकेदुखीवरचा मोठा ग्रंथ १९४८ साली आला. कवटीवरचे आणि मानेचे स्नायू सतत आकुंचित राहिल्याने डोकं दुखतं, ही समजूत त्या काळात पक्की झाली. १९६२ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने तर या प्रकाराचं नावच ‘मसल कॉन्ट्रॅक्शन हेडेक’ असं ठेवलं. मग १९७० मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातले थॉमस बुडझिन्स्की आणि जोहान स्टॉयवा यांनी यंत्र आणलं. कपाळावर इलेक्ट्रोड लावायचे, स्नायूतली विद्युतक्रिया मोजायची आणि ती आवाजाच्या रूपाने रुग्णाला ऐकवायची. स्नायू सैल होतो तसा आवाजाचा सूर उतरतो. या बायोफीडबॅकने रुग्णांची डोकेदुखी कमी झाली. स्नायू आवळला की दुखतं, सैल केला की थांबतं : वर्तुळ पुरं झाल्यासारखं वाटलं.

कारण बदललं, उपाय राहिला

वर्तुळात फट पडली ती मोजमाप वाढल्यावर. डोकं दुखणाऱ्या अनेकांच्या कपाळावरची विद्युतक्रिया इतरांपेक्षा जास्त आढळेना. ज्यांची जास्त होती, त्यांच्या दुखण्याच्या तीव्रतेशी तिचा मेळ बसेना. आणि १९८४ मध्ये केनेथ हॉलरॉइड आणि सहकाऱ्यांनी एक फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. ताणाची डोकेदुखी असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना बायोफीडबॅक शिकवला. आपण स्नायू सैल करायला शिकतोय, अशी सगळ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात निम्मे स्नायूंचा ताण वाढवायला शिकत होते. शिवाय काहींना पडद्यावर ‘तुम्हाला हे फार छान जमतंय’ असं दाखवलं, काहींना ‘बऱ्यापैकी जमतंय’ असं. ज्यांना छान जमतंय असं सांगितलं, त्यांची डोकेदुखी सरासरी ५३ टक्क्यांनी कमी झाली. बाकीच्यांची २६ टक्क्यांनी. स्नायूंचा ताण खरोखर वाढला की कमी झाला, याने फरक पडला नाही.

या प्रयोगाचे दोन अर्थ लावले गेले. एका बाजूचं म्हणणं : मग हा सगळा विश्वासाचा खेळ आहे, प्लसिबो आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं : दुखण्यावर आपला काही ताबा चालतो, ही खात्रीच इथे काम करते आणि ती पक्की करणं हाच उपचार. मला दुसरा अर्थ जास्त पटतो, कारण दीर्घकालीन वेदनेत असहायता हा आजाराचाच भाग असतो. पण एवढ्या लहान प्रयोगावरून पहिला अर्थ खोडून काढता येत नाही, हेही खरं.

दरम्यान डेन्मार्कमध्ये येस ओलेसन, रिगमोर जेन्सन, लार्स बेंट्सन आणि सहकाऱ्यांनी ग्लोस्ट्रुपच्या रुग्णालयात वेगळ्या दिशेने काम केलं. डोक्याभोवतीचे स्नायू बोटांनी दाबले तर या रुग्णांना निरोगी माणसांपेक्षा बरंच जास्त दुखतं, हे तिथे पद्धतशीर मोजलं गेलं. स्नायू फार आवळलेला नसतो, पण हळवा असतो. या संशोधनातून आजची सर्वाधिक मान्य मांडणी आली. सुरुवातीला स्नायूंतून येणारे वेदनेचे संदेश खूप काळ येत राहिले की मज्जारज्जू आणि मेंदूतली वेदना-यंत्रणाच संवेदनशील होते. मग साधा स्पर्श, साधा ताणही दुखू लागतो. अधूनमधून होणारी डोकेदुखी रोजची होते ती अशी. १९८८ साली आलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने स्नायूंच्या आकुंचनाचं जुनं नाव सोडूनच दिलं होतं.

ही मांडणी मान्य केली तर शिथिलीकरणाचं काम कुठे चालतं? ते ताणाला शरीर देतं तो प्रतिसाद उतरवत असेल, झोप सुधारत असेल, दिवसभर नकळत दात आवळून धरण्याची सवय मोडत असेल, किंवा मेंदूकडून खाली येणारी वेदना दाबणारी यंत्रणा बळकट करत असेल. हे सगळे अंदाज वाजवी आहेत. त्यांपैकी कोणता किती खरा, हे ठरलेलं नाही.

चाचण्यांची दोन वाचनं

या क्षेत्रातली सगळ्यात जास्त उद्धृत होणारी चाचणीही हॉलरॉइड यांचीच आहे. ती २००१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आली. ओहायोमधले २०३ प्रौढ रुग्ण, महिन्यातले सरासरी २६ दिवस डोकं दुखणारे. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट केले : नैराश्यावरच्या जुन्या गटातलं औषध (ॲमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन), नुसती प्लसिबो म्हणजे औषध नसलेली गोळी, ताणनियोजनाचं प्रशिक्षण आणि प्लसिबो, प्रशिक्षण आणि औषध दोन्ही. प्रशिक्षण फार लांबलचक नव्हतं. तज्ज्ञाबरोबर तीन बैठका आणि घरी करण्यासाठी पुस्तिका आणि ध्वनिफिती. सहा महिन्यांनी डोकेदुखी निम्म्याहून कमी झालेले रुग्ण असे होते : प्लसिबो २९ टक्के, प्रशिक्षण ३५, औषध ३८, दोन्ही मिळून ६४.

हे आकडे नीट वाचावे लागतात. एकेकट्या उपायाची प्लसिबोवरची आघाडी या मोजपट्टीवर अगदीच थोडी आहे. डोकेदुखीचे दिवस आणि घ्याव्या लागणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मात्र दोन्ही उपायांनी प्लसिबोपेक्षा जास्त कमी केल्या. औषधाचा गुण लवकर आला, प्रशिक्षणाचा सावकाश. आणि एकत्र दिल्यावरचा फरक मोठा आहे. औषध की योगासनं, असा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना या चाचणीने दिलेलं उत्तर मला आजही सगळ्यात उपयोगी वाटतं.

पुढे सगळ्या चाचण्यांची बेरीज मांडण्याचे प्रयत्न झाले आणि तिथे मतं फाटली. २००८ साली इव्होन नेस्टोरियुक आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी बायोफीडबॅकचे ५३ अभ्यास एकत्र केले. त्यांना मध्यम ते मोठा परिणाम दिसला आणि तो सरासरी सव्वा वर्षानंतरही टिकलेला दिसला. शिथिलीकरणाची जोड दिल्यावर गुण वाढला. लगेच पुढच्या वर्षी नेदरलँड्सच्या आरियान व्हर्हागेन यांच्या गटाने वर्तनोपचारांच्या ४४ चाचण्या तपासल्या. त्यांच्या मते त्यांतल्या जेमतेम पाच विश्वासार्ह पद्धतीने केलेल्या होत्या, आणि बायोफीडबॅक, शिथिलीकरण किंवा बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा) हे काहीच न करण्यापेक्षा सरस आहेत असा निर्वाळा देता येत नाही.

जवळपास तीच कागदपत्रं, दोन निकाल. फरक तपासणीच्या कडकपणात आहे. या चाचण्यांचे गट लहान असतात. तुलनेला बरेचदा ‘प्रतीक्षायादी’तले रुग्ण असतात, ज्यांना आपल्याला काहीच मिळत नाही हे ठाऊक असतं. औषधाच्या चाचणीत गोळी सारखी दिसणारी करता येते. आपण पंधरा मिनिटं स्नायू सैल करत बसलोय की नाही, हे रुग्णापासून कसं लपवणार? व्हर्हागेन यांची कडक मोजपट्टी त्यामुळे अन्यायी ठरते असं एक बाजू म्हणते. मोजपट्टी सैल केली की काहीही सिद्ध होतं, असं दुसरी म्हणते. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे.

मार्गदर्शक सूचनाही एकमुखी नाहीत. युरोपीय मज्जाविकारतज्ज्ञांच्या महासंघाने २०१० मध्ये सांगितलं की औषधाविना उपायांचा विचार नेहमीच करावा. बायोफीडबॅकचा परिणाम सिद्ध आहे, शिथिलीकरण आणि बोधात्मक वर्तनोपचार बहुधा परिणामकारक आहेत. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१२ साली याच आजाराच्या प्रतिबंधासाठी पाच ते आठ आठवड्यांत दहा बैठकांपर्यंत ॲक्युपंक्चरचा विचार करा, एवढंच सुचवलं.

शवासन आणि योग

इथे महाराष्ट्राचा संबंध खरा आणि जुना आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं ते योगक्रिया प्रयोगशाळेत मोजून पाहायच्या या हेतूने, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही काढलं. जेकबसन यांचा ग्रंथ यायला तेव्हा पाच वर्षं अवकाश होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये शवासनाचा उच्च रक्तदाबावरचा परिणाम आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. विषय डोकेदुखीचा नव्हता, पण झोपून, श्वासाकडे लक्ष देत शरीर सैल करणं ही रुग्णाला शिकवता येण्याजोगी, मोजता येण्याजोगी चिकित्सा आहे, हे त्यातून पुढे आलं.

डोकेदुखी आणि योग यांवरच्या चाचण्या २०२० साली एकत्र पाहिल्या गेल्या तेव्हा निकषात बसणाऱ्या पाचच निघाल्या, एकूण रुग्ण २४०. डोकेदुखीची वारंवारता, कालावधी आणि तीव्रता तिन्ही कमी झालेल्या दिसल्या. पण हा परिणाम मुख्यतः ताणप्रकारच्या रुग्णांमुळे होता. मायग्रेनमध्ये तो दिसला नाही. पुराव्याचा दर्जा लेखकांनी स्वतःच अगदी खालचा ठरवला. गंमत अशी की त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधली बरीच मोठी चाचणी आली आणि तिच्यात औषधाला योगाची जोड दिल्यावर मायग्रेन नुसत्या औषधापेक्षा जास्त कमी झाली. म्हणजे जिथे परिणाम नाही असं वाटलं, तिथे मोठ्या चाचणीने तो दाखवला. ताणप्रकारच्या डोकेदुखीसाठी तशी मोठी, काटेकोर चाचणी व्हायला हवी. योगाच्या देशात हे काम मागे राहावं याचं मला वाईट वाटतं.

गोळ्यांचा हिशेब

शिथिलीकरण ‘लागू पडलं नाही’ असं सांगणाऱ्या रुग्णाला पहिला प्रश्न गोळ्यांचा विचारावा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, किंवा दोन-तीन घटक एकत्र असलेली गोळी दहा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त काळ घेतलं तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. आपल्याकडे दुकानात सहज मिळणाऱ्या डोकेदुखीच्या अनेक गोळ्या अशा मिश्र असतात आणि त्यांत कॅफीनही असतं. रोज एक गोळी घेणाऱ्याला ही मर्यादा ओलांडल्याचं कळतही नाही. सराव कितीही नेमाने केला तरी हे चक्र चालू असताना त्याचा गुण दिसणं अवघड असतं. गोळ्या बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस डोकं अधिकच दुखतं, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावं. याबाबत तज्ज्ञांत फारसं दुमत नाही.

दिनचर्येतले बदल

जीवनशैलीचा सल्ला सर्वात मोकळ्या हाताने दिला जातो आणि त्याचीच तपासणी सर्वात कमी झाली आहे.

कॅफीनचा मुद्दा स्पष्ट आहे. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या प्रयोगात, बेताचंच कॅफीन घेणाऱ्या निरोगी माणसांचं कॅफीन अचानक थांबवल्यावर निम्म्याहून अधिक जणांचं डोकं दुखलं. चहा सोडायचा असेल तर दोन-तीन आठवड्यांत एकेक कप कमी करत सोडावा. एका सोमवारी निश्चय करून बंद करू नये.

उपवासाचंही तसंच. यहुदी लोकांच्या योम किप्पूरच्या निर्जळी उपवासाचा अभ्यास १९९५ मध्ये झाला. उपवास केलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना डोकेदुखी झाली, न केलेल्यांपैकी ७ टक्क्यांना. आणि दुखण्याचं स्वरूप बहुतांशी ताणप्रकाराशी मिळतं होतं. निर्जळी एकादशीला किंवा हरतालिकेला डोकं धरून बसणाऱ्यांना हे सांगायला नको. पाण्याचं मात्र तितकं सरळ नाही. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायल्याने रुग्णांना बरं वाटलं, पण डोकेदुखीचे दिवस काही कमी झाले नाहीत.

व्यायामाबद्दल मला सर्वात आशादायक वाटतो तो डेन्मार्कमधला प्रयोग. मान-खांदे दुखणाऱ्या कचेरीतल्या कर्मचाऱ्यांना रबरी पट्टा घेऊन खांद्यांचा व्यायाम दिला. एका गटाला दिवसाला फक्त दोन मिनिटं, दुसऱ्याला बारा मिनिटं, दहा आठवडे. डोकेदुखीची वारंवारता दोन्ही गटांत कमी झाली, दोन मिनिटांच्या गटातसुद्धा. हे कर्मचारी डोकेदुखीसाठी निवडलेले नव्हते, ही मर्यादा लक्षात ठेवूनही, संगणकासमोर बसणाऱ्यांना इतका स्वस्त सल्ला दुसरा नाही.

झोपेचा आणि या डोकेदुखीचा संबंध सर्वांना मान्य आहे, दिशा मात्र दुहेरी आहे : झोप बिघडली की डोकं दुखतं, डोकं दुखलं की झोप बिघडते. ठराविक वेळी उठणं आणि दुपारची भरपाई टाळणं हा निद्रानाशावरचा सिद्ध उपाय आहे. तो डोकेदुखीलाही तेवढाच लागू पडतो का, हे या प्रकारात पुरेसं तपासलेलं नाही.

टाळायचं की सरावायचं

डोकेदुखीची वही ठेवा, कशाने दुखतं ते शोधा आणि ते टाळा, असा सल्ला अनेक वर्षं दिला गेला. ऑस्ट्रेलियाचे मानसशास्त्रज्ञ पॉल मार्टिन यांनी त्याला हरकत घेतली. ऊन, आवाज, गर्दी, पडदा, भांडण असं सगळं टाळत गेलं की माणसाचं जग आकसतं आणि त्या गोष्टींना शरीर अधिकच हळवं होतं; भीतीच्या विकारांत जसं हळूहळू सामोरं जायला शिकवतात तसं इथेही शिकवावं, असं त्यांचं म्हणणं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत सामोरं जाण्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांना नुसतं टाळायला सांगितलेल्यांपेक्षा जास्त गुण आला. उपवास, जागरण, कॅफीन थांबवणं या शरीराला खरोखर त्रास देणाऱ्या गोष्टींना मात्र हा नियम लागू नाही, हे मार्टिनही मानतात. सीमारेषा कुठे ओढायची, यावर चर्चा चालू आहे. वही ठेवावी यावर सगळ्यांचं एकमत आहे, कारण गोळ्यांचा खरा आकडा तिच्यातच सापडतो.

अजून न सुटलेलं

कोणत्या रुग्णाला कशाने गुण येईल, हे आधी सांगता येत नाही. शिथिलीकरण, बायोफीडबॅक, योग, ध्यान यांत कोणती पद्धत सरस, हे समोरासमोरच्या तुलनांतून ठरलेलं नाही. स्वीडनमध्ये २००६ साली दीर्घकालीन ताणप्रकाराच्या ९० रुग्णांवर ॲक्युपंक्चर, व्यायाम आणि शिथिलीकरण यांची तुलना झाली तेव्हा लगेचच्या काळात शिथिलीकरणाचा गट थोडा पुढे होता, पण एवढ्यावरून क्रम लावता येत नाही. सराव किती आठवडे करायचा, गुण आल्यावर चालू ठेवायचा का, याबद्दलही प्रथा आहेत, पुरावा थोडा. गुण दिसायला आठ-दहा आठवडे द्यावे लागतात, एवढं बहुतेक चाचण्यांच्या आखणीवरून म्हणता येतं. चौथ्या दिवशी निराश होऊन सोडणाऱ्यांसाठी ते महत्त्वाचं आहे.

आपल्या दृष्टीने सर्वात मोठा प्रश्न शिकवायचं कुणी, हा आहे. बायोफीडबॅकचं यंत्र आणि प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ मोठ्या शहरांबाहेर क्वचितच भेटतात. पण स्वीडनमध्ये बू लार्सन यांच्या गटाने शाळेतल्या परिचारिकांकडून ताणाची डोकेदुखी असलेल्या मुलांना शिथिलीकरण शिकवलं आणि त्याचा उपयोग झाला, हे १९९६ मध्येच प्रसिद्ध झालं आहे. ओहायोच्या चाचणीतही तीन बैठका आणि ध्वनिफितींवर काम भागलं. महाराष्ट्रात गावोगाव योगशिक्षक आहेत, तालुक्याला फिजिओथेरपिस्ट आहेत, प्रत्येकाच्या हातात ध्वनिफीत वाजवू शकणारा मोबाइल आहे. त्यांनी मराठीतून शिकवलेलं शवासन किंवा सोळा स्नायूगटांचा सराव, सोबत डोकेदुखीची आणि गोळ्यांची वही, आणि वर्षभरानंतरची तपासणी, एवढं घेऊन एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात चाचणी उभी करता येईल. तिच्यासाठी लागणारा खर्च बहुतेक औषधचाचण्यांच्या तुलनेत नगण्य आहे.